पुढचं मोजमाप कोणाच्या हाती?

पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्यावरच्या वैज्ञानिक परिषदांचं मोल आपण बहुधा व्यासपीठाकडे पाहून ठरवतो. कोणते पाहुणे आले, किती शोधनिबंध वाचले गेले, शेवटी कोणता ठराव झाला, एवढंच बातमीत येतं. पण अशा परिषदांमध्ये महत्त्वाचे प्रश्न बहुतेक वेळा सुटत नाहीत. पुरावा अपुरा असतो आणि तज्ज्ञांत मतभेद असतात. म्हणून मला वाटतं, परिषदेची परीक्षा तिथे अनिर्णित राहिलेल्या प्रश्नावर व्हायला हवी. त्याचा पुढचा अभ्यास कोण करणार, कोणाच्या पैशाने, आणि निष्कर्ष कोणापुढे मांडणार? याचं उत्तर न देता माणसं पांगली, की पुढची कित्येक वर्षं काय घडणार हे तिथेच ठरून जातं. पेट्रोलमधल्या शिशाच्या बाबतीत ही वर्षं चाळीस होती.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल अवेळी पेट घेऊन ठोके पडत. १९२१ साली जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलींना त्यावर टेट्राएथिल लेडचा उपाय सापडला आणि १९२३पासून शिसं मिसळलेलं पेट्रोल अमेरिकेत विकलं जाऊ लागलं. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, तेव्हा देश हादरला. २० मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. कंपन्यांचे प्रतिनिधी, कामगार संघटना, डॉक्टर आणि संशोधक असे सगळे एका सभागृहात आले. उद्योगाच्या प्रतिनिधीने या रसायनाला ईश्वरी देणगी म्हटलं. व्यवसायजन्य आजारांच्या अभ्यासक ॲलिस हॅमिल्टन यांनी बजावलं की जिथे शिसं आहे तिथे आज ना उद्या विषबाधा होतेच. कारखान्याच्या भिंतींत ते एकवेळ आवरता येईल, रस्त्यावर सांडलेलं आवरणार कसं? परिषद एका दिवसात आटोपली. विक्री तात्पुरती थांबलेलीच होती. एक समिती नेमली गेली आणि तिला जेमतेम सात महिने मिळाले.

समितीने २५२ माणसांची तपासणी केली आणि जानेवारी १९२६मध्ये अहवाल दिला. बंदी घालावी असं सबळ कारण आज दिसत नाही, हे त्यातलं वाक्य सगळीकडे पोहोचलं. त्याच अहवालातली दुसरी बाजू मात्र विसरली गेली. हळूहळू साठत जाणाऱ्या शिशाचे परिणाम इतक्या थोड्या काळात दिसणारच नाहीत, तेव्हा सरकारी खर्चाने हा अभ्यास पुढे चालू ठेवावा, असं समितीने बजावलं होतं. तसा अभ्यास झाला नाही. विक्री पुन्हा सुरू झाली आणि मोजमापाचं काम सिनसिनाटीच्या डॉ. रॉबर्ट केहो यांच्याकडे गेलं. त्यांच्या प्रयोगशाळेचा पैसा एथिल, जनरल मोटर्स आणि ड्यूपॉन्ट या कंपन्यांचा होता. केहो यांचं सांगणं असं, की शिसं माणसाच्या शरीरात निसर्गतःच असतं, शरीर ते बाहेर टाकतं आणि रक्तात दर डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या खाली धोका नाही. मोटारी नसलेल्या मेक्सिकोतल्या एका खेड्यातल्या माणसांच्या शरीरातही त्यांना शिसं सापडलं आणि ते त्यांनी नैसर्गिक मानलं. ती माणसं शिशाची झिलई दिलेल्या भांड्यांतून जेवत होती. एवढी ढोबळ चूक टिकून राहिली, कारण तिची फेरतपासणी करण्याइतकी साधनं दुसऱ्या कोणाजवळ नव्हती.

ही कोंडी फोडणारा माणूस आरोग्यशास्त्रातला नव्हताच. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ. पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं त्यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून काढलं. ते मोजताना प्रयोगशाळेतल्या हवेतून, काचेतून, माणसांच्या हातांवरून शिसं आत येत होतं. ते दूर ठेवायचं तंत्र त्यांनी कष्टाने उभं केलं. त्यामुळेच १९६५मध्ये ते ठामपणे लिहू शकले की आजच्या माणसाच्या शरीरात सर्रास आढळणारं शिसं नैसर्गिक मुळीच नाही. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने शिशाच्या प्रदूषणावर परिसंवाद भरवला आणि केहो यांच्या निष्कर्षांवर तिथे उघड प्रश्न विचारले गेले. या धाडसाची किंमत पॅटरसन यांनी मोजली. पेट्रोलियम उद्योगाचा निधी थांबला आणि पुढे हवेतल्या शिशावर नेमलेल्या राष्ट्रीय अभ्यासगटात त्यांना घेतलं गेलं नाही. पण मोजपट्टी आता एकाच्या हातात उरली नव्हती. १९७९मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं, त्या मुलांचा बुद्ध्यंक कमी भरला. यातली बहुतेक मुलं वरवर ठणठणीत होती, आणि हीच गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते.

यावर आक्षेप येईल की हे सारं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे. १९२५ साली इतकं सूक्ष्म मोजायची उपकरणं होती कुठे? नव्हती, हे खरं. पण आपल्याला कमी दिसतंय हे त्या समितीने स्वतःच लिहून ठेवलं होतं. दोष अज्ञानाचा नसून ते दूर करण्याचं काम कोणालाच नेमून न देण्याचा होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैसा आणि तांत्रिक माहिती उद्योगाकडेच असते, त्याला वगळून संशोधन कसं चालेल? वगळण्याची गरज नाही. उद्योगाने खर्च द्यावा, माहिती द्यावी, परिषदेत येऊन भांडावं. फक्त नमुने घेणारे आणि ते मोजणारे हात एकाच थैलीतून पोसले जाऊ नयेत. तिसरं म्हणणं असं की शंकेपायी थांबायचं तर प्रगतीच थांबेल. इथे वस्तुस्थिती उलट आहे. अल्कोहोल मिसळल्यानेही इंजिनातले ठोके थांबतात, हे खुद्द मिजलींना ठाऊक होतं.

भारतात ही गोष्ट उशिरा पण बऱ्या रीतीने घडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह मोठ्या शहरांतल्या हजारो मुलांचं रक्त तपासलं. निम्म्याहून अधिक मुलांत शिसं १० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. ते आकडे हाती असताना फेब्रुवारी १९९९मध्ये बंगळूरला शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. आधी मोजमाप आणि मग चर्चा, असा हा क्रम होता. पुढे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिशाच्या तपासणीचं राष्ट्रीय संदर्भ केंद्रही उभं राहिलं. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, त्यानंतर मुंबईतली मुलं पुन्हा तपासली गेली आणि जास्त शिसं असलेल्यांचं प्रमाण एकतृतीयांशावर आलेलं दिसलं. कायद्याचा लाभ झाला हे सांगता आलं ते या दुसऱ्या मोजणीमुळे, आणि एकतृतीयांश मुलं अजून सुटलेली नाहीत हेही तिनेच सांगितलं.

त्या मुलांना शिसं आता दुसरीकडून मिळतं: जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या, रंग, काही मसाल्यांतली भेसळ, भांडी. २०२०मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसं असल्याचा अंदाज मांडला. हा आकडा गणिती प्रारूपातून काढलेला आहे. एकेका मुलाचं रक्त तपासून तो आलेला नाही. तेव्हा या विषयावर यापुढे जी कार्यशाळा भरेल, तिच्या शेवटच्या सत्रात भाषणं कमी करून तीन नावं लिहून घेतली जावीत: कोणत्या जिल्ह्यातल्या मुलांचं रक्त कोणती प्रयोगशाळा तपासणार, खर्च कोणत्या खात्यातून होणार आणि आकडे कोणत्या तारखेला त्या मुलांच्या आईवडिलांपुढे ठेवले जाणार.