बाळ घरात आले आणि कुत्रा गुरगुरू लागला : मार देण्याआधी हे वाचा

बेळगाव : लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. घरात पाच वर्षांचा लॅब्राडोर असतो, आजीच्या पायाशी वाढलेला. बारसे होते, पाहुणे जातात आणि एक दिवस आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली असताना कुत्रा ताठ होतो, गुरगुरतो. आजोबा वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके देतात. दुसऱ्या दिवसापासून गुरगुरणे बंद. सगळे म्हणतात, ‘बरं झालं, धडा मिळाला.’

अनेक घरांत थोड्याफार फरकाने असेच घडते. पण खरा धोका सुरू होतो तो इथेच. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना असते : ‘मला हे नको आहे, थोडे लांब व्हा.’ मार देऊन ती सूचना बंद होते, मनातली भीती मात्र तशीच राहते. उलट बाळ जवळ आले की मार बसतो, एवढेच त्याला कळते. असा कुत्रा पुढे एखाद्या दिवशी आवाज न करता थेट चावू शकतो. मग घरचे म्हणतात, ‘अचानक चावला, आधी काहीच केलं नव्हतं.’

मत्सर की भीती?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी 2014 मध्ये 36 पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकांनी आपल्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करून भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड केले, एकदा भोपळ्याच्या आकाराच्या बादलीचे लाड केले आणि एकदा मोठ्याने पुस्तक वाचले. पुस्तक वाचताना कुत्रे बरेचसे शांत होते. खेळण्यातल्या कुत्र्याच्या वेळी मात्र मध्ये घुसणे, मालकाला ढकलणे, खेळण्यावर दात टाकणे असे प्रकार जास्त दिसले. हा माणसासारखा मत्सर आहे का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण आपल्या माणसाचे लक्ष दुसरीकडे गेले की कुत्रा अस्वस्थ होऊ शकतो, एवढे यातून दिसते.

दुसरा प्रकार राखण करण्याचा. जेवणाचे भांडे, हाड, सोफा किंवा एखादे माणूस आपल्याकडून काढून घेतले जाईल, असे कुत्र्याला वाटते. आपल्याकडे याचे कौतुकही होते. ‘आमचा कुत्रा मालकाशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही,’ असे अभिमानाने सांगितले जाते. शेतातल्या घरी ही राखण उपयोगाची वाटते. तोच कुत्रा घरातल्या सुनेवर किंवा रांगत्या पोरावर गुरगुरला की कौतुक संपते.

गुरगुरण्याआधीच्या खुणा

जवळ कुणी आले की कुत्रा एकदम थिजतो. खाण्याचा वेग वाढवतो, भांड्यावर मान झाकून उभा राहतो. डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसते, ओठ वर जातो. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे, असेही नेहमी नसते. अंग ताठ ठेवून हलणारी शेपूट वेगळी.

आधी कधीच न गुरगुरणारा कुत्रा अचानक बदलला, तर पहिली फेरी पशुवैद्याकडे मारावी. कानातला संसर्ग, दुखणारा दात, कंबरेचे दुखणे यांमुळेही कुत्रा हात लावू देत नाही.

घरात काय करावे?

सर्वात आधी प्रसंग टाळावेत. कुत्र्याला जेवण स्वतंत्र जागी, मुलांच्या पायात येणार नाही असे द्यावे. दोन कुत्रे असतील तर दोन खोल्यांत. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये, अगदी ‘पाच मिनिटांचंच काम आहे’ म्हणूनही नाही. दाराला कमरेएवढे जाळीचे फाटक लावले तरी मोठी सोय होते.

तोंडातली वस्तू हिसकावू नये. त्याऐवजी अदलाबदल करावी. चप्पल धरली असेल तर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा थोड्या अंतरावर टाकावा आणि तो तिकडे गेल्यावर चप्पल उचलावी. सोफ्यावरून ओढून उतरवण्यापेक्षा हाक मारून खाली बोलवावे आणि आल्यावर खाऊ द्यावा. या खाऊत कांदा, चॉकलेट, मनुका आणि शिजवलेली हाडे नकोत.

भांड्यावर गुरगुरत असेल तर मोठ्या माणसाने लांबून जाता जाता चविष्ट तुकडा टाकावा आणि पुढे निघून जावे. कुत्रा सैल दिसला तरच काही दिवसांनी अंतर थोडे कमी करावे. माणूस जवळ येतो तो घ्यायला नव्हे, द्यायला, हे त्याला पटायला आठवडे लागतात. हा सराव मुलांकडून करून घेऊ नये.

बाळाच्या बाबतीत बहुतेक घरांत नेमके उलटे होते. बाळ झोपले की कुत्र्याचे लाड आणि बाळ उठले की ‘चल, बाहेर हो.’ म्हणजे बाळ समोर आले की आपले सगळे जाते, हा हिशेब कुत्रा लगेच शिकतो. तो बदलायला हवा. बाळ खोलीत असताना, सुरक्षित अंतरावर, कुणीतरी पट्टा धरून कुत्र्याशी बोलावे, खाऊ द्यावा. बाळंतपणाची तारीख माहीत असते, तेव्हा जेवणाची जागा, फिरायची वेळ, झोपायचा कोपरा हे बदल दोन-तीन महिने आधीच करावेत.

कुत्रा एकाच माणसाला चिकटला असेल तर जेवण आणि फिरवणे घरातल्यांनी वाटून घ्यावे. व्यायामही हवाच. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हाउंड ही धावण्यासाठी घडलेली शिकारी जात आहे. असा कुत्रा दिवसभर साखळीला बांधला तर तो चिडका होणारच.

चावा घेतलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘घरचाच कुत्रा आहे, त्याला लस दिलीय’ म्हणून घरी थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते, लस मात्र वेळेत घेतली तर जीव वाचतो. त्वचेत लस दिली जात असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी डोस असतात. एकही चुकवू नये. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवावे.

अशा वेळी ‘गाडीत घालून लांब सोडून या,’ असा सल्ला देणारे भेटतातच. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय घाबरलेला, चावरा कुत्रा दुसऱ्या गल्लीतल्या मुलांसमोर जातो, ते वेगळेच.

कुत्रा एकदा चावला असेल किंवा मूल दिसताच थिजत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्य आणि मार न देता शिकवणारा प्रशिक्षक गाठावा. तोवर फाटक बंद ठेवावे. आणि त्या घरातले आजोबा, आजी, लेक, जावई सगळ्यांनी एकच नियम पाळावा : गुरगुरला की फटका नाही, आधी बाळाला शांतपणे उचलून लांब न्यायचे.