नवले पुलावर सारखे अपघात का होतात? कारण फक्त उतार नाही

पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ओलांडून मुंबईच्या दिशेने निघालं की दरी पूल लागतो आणि तिथून नवले पुलापर्यंत रस्ता उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला चर्चा झाली ब्रेक फेलची. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याचं समोर आलं.

इंजिन बंद केलं की काय होतं?

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि हा दाब तयार करतो इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर. इंजिन बंद, तर नवी हवा बंद. दरवेळी ब्रेक दाबला की टाकीतला दाब कमी होतो.

गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तरी धोका असतोच. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड सुटते.

आणि डिझेल? नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहायला डिझेल लागतं.

मग इतक्या गाड्या का सापडतात?

कारण उताराच्या पायथ्याशी कोंडी असते. नऱ्हे, आंबेगाव, धायरी, वडगाव या भागात वस्ती झपाट्याने वाढली. नऱ्हे तर २०२१ मध्ये महापालिकेत आलं. पण सेवा रस्ता सलग नसल्याने कॉलेजला किंवा कामाला जाणारा दुचाकीस्वारही महामार्गावरच येतो. म्हणजे वरून सुटलेला ट्रक आणि खाली थांबलेली दुचाकी एकाच रस्त्यावर.

वेग कमी केल्याने फरक पडतो?

खूप. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकची धडक ताशी ४० च्या तुलनेत सव्वादोन पट ऊर्जेची असते. म्हणून इथे अवजड वाहनांची वेगमर्यादा घटवली गेली, रम्बलर बसवले गेले.

पण वेगमर्यादा फक्त ट्रकला आवरते. खाली थांबलेल्या दुचाकीला महामार्गावरून बाजूला काढायचं तर सलग सेवा रस्ताच लागेल. तोवर रोजची कोंडी ही फक्त उशीर होण्याची तक्रार नाही, तिथे थांबलेल्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.