बंधारा होता, तरी नुकसान जास्त!

खाजणात भात करणाऱ्या कोणालाही विचारा, खाऱ्या पाण्यापासून शेत कशानं वाचतं? उत्तर येईल, 'बंधाऱ्यानं!' उत्तर खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्याकडून शिकण्यासारखं आहे.

तिथे समुद्रकाठी भितरकनिकाचं कांदळवन आहे. १९९८ साली त्यातला १४५ चौरस किलोमीटर भाग राष्ट्रीय उद्यान झाला. लगतच्या गावांची गुजराण भातावर आणि मासळीवर. जंगलातून लाकूड आणायला बंदी, खाडीत मगरी. असा शेजार कोणाला आवडेल?

पण २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने या शेजाराची किंमत दाखवली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या रुची बडोला व एस. ए. हुसेन यांनी इथल्या तीन गावांच्या नुकसानीचा हिशोब मांडला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बनकुआल गाव कांदळवनाच्या आडोशाला. तिथे घरटी नुकसान सुमारे ३३ डॉलर. सिंगिडीला ना जंगल, ना बंधारा. तिथे ४४ डॉलर. बंधमालला समुद्राकडून बंधारा, पण जंगल नाही; तिथे तब्बल १५४ डॉलर!

असं कसं? बंधारा फुटला आणि खारं पाणी आत शिरलं. समुद्र मागे हटला, पण आतल्या पाण्याला त्याच बंधाऱ्यानं अडवून धरलं. शेतं तुंबली, भाताचं उत्पन्न घटलं.

म्हणून बंधारा नको, असं नव्हे. बंधाऱ्यापुढे तिवर-चिपीची झाडं हवीत आणि पाणी बाहेर काढणारी उघाडी चालू हवी. आपल्याकडे २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानं कांदळवन तोडायला बंदी आहेच; पण बंदीपेक्षा स्वतःचं हित बघा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी पावसाआधी एकदा बंधाऱ्यावरून चालत जावं. खेकड्यांची बिळं बुजवावीत, उघाडीची झडप उघडते-मिटते का ते पाहावं, गाळ काढून घ्यावा. खारं पाणी शिरलंच, तर ओहोटीला ते आधी बाहेर काढा, पावसाच्या पाण्यानं जमीन धुऊन घ्या, मातीची तपासणी करा आणि पनवेल-१, २ किंवा ३ यांसारखं क्षार सोसणारं भात लावा.

खांड पडल्यावर माती टाकायला सारा गाव धावतो. ती पडू नये म्हणून आधी चार माणसं गेली, तरी पुरे.