हॅम्बुर्गची काकडी आणि मेथीचे मोड

भाज्या क्लोरिनच्या पाण्यात धुण्याबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलंय, ‘तुम्ही गेल्या वेळी लिहिलेलं दुकानातल्या पिशवीबंद सॅलडचं समजलं. पण मी घरी फडक्यात मटकी बांधते, मूग तर कच्चेच खाते. त्यात कुठलं आलं शेणखत आणि कुठलं प्लाझ्मिड?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्या एका आवडत्या प्रकरणात आहे, म्हणून मोह आवरत नाही.

मे २०११. उत्तर जर्मनीत धडधाकट माणसं, त्यातही प्रौढ बायका जास्त, रक्ताचे जुलाब होऊन इस्पितळात येऊ लागली. कित्येकांची मूत्रपिंडं बंद पडली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकडीवर बोट ठेवलं आणि स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला. काकडीवर ई. कोलाय जंतू होते खरे, पण ही साथ पसरवणारे नव्हेत. रोग्यांना विचारावं, तर मोड खाल्ल्याचं चारांतल्या एकालाच आठवे. सॅलडवर भुरभुरलेले चार मोड कोण लक्षात ठेवतो? शेवटी तपासनीसांनी रोग्यांना विचारणं सोडलं आणि ते जिथे जेवले होते त्या उपाहारगृहाच्या आचाऱ्याला गाठलं: कोणत्या पदार्थात काय काय पडतं ते सांग. ही युक्ती मला फार आवडते. धागा बिनेनब्युटेल गावच्या मोड पिकवणाऱ्या शेतावर आणि तिथून इजिप्तच्या मेथीदाण्यावर पोचला. जून महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दोजवळ लोक आजारी पडले, ते त्याच मेथीचे थोडेसे, हौसेने काढलेले मोड खाऊन. दाणे आयात झाले होते २००९ मध्ये. म्हणजे जंतू कोरड्या दाण्यावर दीड वर्ष तग धरून होता, आणि गंमत म्हणजे दाणे तपासून तो कधीच हाती लागला नाही. जर्मनीत ३,८४२ रोगी, ५३ मृत्यू.

माणसं मेली ती जंतूच्या शिगा विषाने. पण त्याच्याजवळ आणखी एक ऐवज होता: सीटीएक्स-एम-१५ हे जनुक. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं निकामी करणारं, आणि बसलेलं प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर. विषाने माणूस काही दिवसांत इस्पितळात जातो. प्लाझ्मिड मात्र आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंच्या हाती पडलं, तर पोटात साधी गुरगुरही होत नाही. म्हणून ‘खाऊन काही झालं नाही’ हा पुरावा मी मानत नाही. २०१८ मध्ये ब्राउनश्वाइगच्या कोर्नेलिया स्माला आणि सहकाऱ्यांनी जर्मन बाजारातलं सॅलड, रुकोला आणि आपली कोथिंबीर तपासली. त्यांवरच्या जंतूंनी टेट्रासायक्लिनला दाद न देणारी प्लाझ्मिडं प्रयोगशाळेतल्या ई. कोलायला देऊन टाकली.

आता मटकी. मोड यायला ऊब, ओल आणि एकदोन दिवस लागतात; जंतू वाढायलाही नेमकं तेवढंच. दाण्याच्या सालाच्या भेगेत बसलेला जंतू धुऊन निघत नाही. उकळी मात्र त्याला मारते, आणि प्लाझ्मिड देण्याघेण्याचा हा व्यवहार जिवंत जंतूंमध्येच चालतो.

तेव्हा ताई, उसळ खुशाल करा. कच्चे मूग नीट वाफवल्याशिवाय तोंडात टाकू नका. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना कच्चे मोड मुळीच नकोत. कोथिंबीर आपण वरून कच्चीच घालतो, तिचं काय करायचं ते क्लोरिनबरोबर पुढच्या आठवड्यात.