'चेक' : एका शब्दाची चाल

इंग्रजी विशेष विषय घेतलेल्या खेड्यातल्या मुलाला कॉलेजात दोन गोष्टींची धास्ती असते. एक उच्चारांची आणि दुसरी सोप्या शब्दांची. अवघड शब्दांचे काही वाटत नाही; ते कोशात सापडतात आणि बहुधा एकाच अर्थावर समाधान मानतात. घात करतात ते ओळखीचे शब्द. माझा घात 'चेक' या शब्दाने केला.

गेल्या वर्षीची गोष्ट. अनुवादाच्या तासाला सरांनी एक उतारा दिला होता. शत्रूची फौज चालून येते आणि वाटेवरचा एक किल्ला तिला 'चेक' करतो, असे त्यात एक वाक्य होते. 'चेक' म्हणजे तपासणे, हे मला एस. टी.त चढणाऱ्या चेकरमुळे लहानपणापासून ठाऊक. मी बिनधास्त लिहिले : 'किल्ल्याने शत्रूच्या फौजेची तपासणी केली.' सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सगळ्यांकडे तिकिटे होती का?" मग काय, वर्ग आवरेना. त्याच दुपारी मी कार्यालयातून विशेष विषय बदलण्याचा अर्ज आणला, भरला आणि वहीत घालून ठेवला.

अर्ज देण्यापूर्वी, ज्याने आपली फजिती केली त्याचे तोंड तरी पाहावे म्हणून मी ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. वाटले होते, दोन ओळी असतील. निघाले रकानेच्या रकाने! अडवणे, रोखणे, आवरणे, तपासणे, पडताळणे, बँकेचा चेक, कापडावरच्या चौकटी, सामान ठेवायला दिल्यावर हाती येणारा बिल्ला. अमेरिकेत तर खाणावळीत जेवण झाल्यावर पुढे येते ते बिलही 'चेक'. शिकारी ससाणा नेमलेले सावज सोडून भलत्याच पाखरामागे गेला, तर तो 'चेक'. माग काढणारी कुत्री वास हरवून थबकली, तर तोही 'चेक'. एका खोलीत इतकी बिऱ्हाडे! आणि या सर्वांचा मूळपुरुष म्हणून कोशाने एकच शब्द दिला होता. फारसी 'शाह'. म्हणजे राजा.

तो वाचला आणि मला एकदम आमची ओटी आठवली.

आमचे आबा जुन्या चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजीचे अक्षर त्यांना येत नाही. पण संध्याकाळी ओटीवर आजीने शिवलेला लाल-पांढरा कापडी पट पसरला, की शेजारचे तात्या येतात आणि दिवेलागणीपर्यंत बुद्धिबळ चालते. अधूनमधून आबांचा आवाज चढतो : "तात्या, शह!" हा 'शह' आणि माझी फजिती करणारा 'चेक' हे दोन शब्द नव्हेतच. तो एकच शब्द आहे. एक इराणातून पूर्वेला आला, दुसरा पश्चिमेला गेला, इतकेच.

खेळ तर मूळचा आपलाच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांची सेना म्हणून तो 'चतुरंग'. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त त्याचा उल्लेख आहे. इराणात तो 'चतरंग' झाला. अरबांनी सातव्या शतकात इराण जिंकला, तेव्हा खेळही त्यांच्या हाती आला. अरबीत 'च' नाही, म्हणून 'शतरंज'. राजावर हल्ला झाला की इराणी खेळाडू 'शाह!' असे म्हणून प्रतिपक्षाला सावध करीत. अरबांबरोबर हा इशारा युरोपात गेला. तिथल्या लॅटिनमध्ये त्याचे 'स्कॅकस' झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाले, आणि फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड घेतल्यानंतर त्यांच्या भाषेच्या मागोमाग तो इंग्रजीत 'चेक' होऊन बसला. गंमत अशी, की खेळाचे इंग्रजी नाव 'चेस' हेही याच शब्दाच्या फ्रेंच अनेकवचनातून आले आहे. म्हणजे इंग्रजांचे बुद्धिबळ हे शब्दशः 'राजे' आहे!

आणखी मागे गेले तर 'शाह' हा शब्द प्राचीन फारसीत 'ख्शायथिय' असा आढळतो. त्याच्या मुळाशी सत्ता चालवणे हा अर्थ आहे आणि आपला 'क्षत्र' हा शब्द त्याच घराण्यातला. पातशहा, क्षत्रिय आणि बँकेचा चेक यांना एका पंगतीला बसवणारी भाषा हे मोठे अजब खटले आहे खरे.

इंग्रजीत आल्यावर शब्दाने खेळ सोडला. राजाला शह बसला की मनातला बेत बाजूला ठेवावा लागतो, म्हणून 'चेक' म्हणजे अडवणे, लगाम घालणे. आमच्या राज्यशास्त्राच्या मित्रांना ज्या 'चेक्स अँड बॅलन्सेस'वर हमखास प्रश्न येतो, तो चेक हाच. विधिमंडळ, शासन आणि न्यायालय यांनी परस्परांना दिलेला शह! तपासण्याचा अर्थ मागाहून आला, सतराव्या शतकापासून. हिशेबातली चूक किंवा लबाडी अडवायची, तर एका नोंदीशी दुसरी ताडून पाहावी लागते. अडवण्यातून ताडणे निघाले. तेव्हा आमच्या एस. टी.तला चेकर हा मुळात फुकट्या प्रवाशाला शह देणारा गृहस्थ आहे. मुंबई आणि ठाण्याच्या वेशीवरच्या मुलुंड चेकनाक्यावर तर अडवणे आणि तपासणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. २०१७ साली मुंबईची जकात संपली. नाक्याचे नाव मात्र राहिले.

पण मला सर्वांत आवडली ती चौकटींची हकीकत. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. त्यावरून चौकटीच्या कापडाला 'चेक्स'चे कापड हे नाव पडले. इथवर कोणीही ओळखील. पुढचे पाहा. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा सरकारी हिशेब एका मेजावर होत असे. त्याचे वर्णन रिचर्ड फिट्झनील या राजाच्या खजिनदारानेच लॅटिन ग्रंथात लिहून ठेवले आहे. मेज सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंचीचा काठ. वर काळे कापड आणि त्यावर रेघांचे रकाने : पेनीचा एक, शिलिंगचा एक, पौंडाचा एक, पुढे विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. त्या काळी तिथे रोमन आकडे चालत. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून पाहा, म्हणजे मेजाची गरज पटेल! वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला, परगण्यांचे शेरीफ वसुली घेऊन येत. त्यांनी भरायची रक्कम एका ओळीत सोंगट्यांनी मांडत, भरलेली रक्कम दुसऱ्या ओळीत, आणि उरेल ती बाकी सर्वांच्या डोळ्यांदेखत उघडी पडे. खजिनदार आणि शेरीफ यांच्यातला हा बुद्धिबळासारखा सामनाच, असे फिट्झनील स्वतः म्हणतो. मेजाला पटाचे नाव पडले, मेजावरून कचेरीला, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. म्हणजे पटाचा कारभारी!

बँकेचा चेक या कचेरीचा थोडासा ऋणी आहे. अठराव्या शतकात आधी पावतीच्या स्थळप्रतीला 'चेक' म्हणत, कारण खोट्या कागदाला तिच्यामुळे आळा बसे. मग पैसे देण्याची चिठ्ठीच 'चेक' झाली. इंग्रजांनी पुढे 'एक्सचेकर'च्या धर्तीवर तिच्या शेवटी 'क्यू, यू, ई' ही अक्षरे बसवली. अमेरिकनांनी ती खटपट केली नाही. आपला परक्राम्य संलेखांचा कायदा १८८१ चा, इंग्रजी अमदानीतला, म्हणून आपल्याकडेही 'क्यू'च. परीक्षेत एकाच उत्तरपत्रिकेत दोन्ही स्पेलिंगे लिहून गुण घालवणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून ही माहिती जरा पोटतिडकीने देत आहे. जाता जाता, युरोपातल्या 'चेक' देशाचा या गोतावळ्याशी काहीही संबंध नाही. ते स्लाव्ह लोकांचे स्वतःचे नाव आहे.

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी ते वाक्य पुन्हा लिहायला घेतले. 'अडवले' लिहिले, खोडले. 'रोखले' लिहिले, तेही खोडले. मग लिहिले : 'किल्ल्याने शत्रूला शह दिला.' शब्दाला शब्द. सातशे वर्षे इंग्रजीत वापरलेला शब्द मराठीत आणायला मी कोश धुंडाळला, आणि तो आधीच ओटीवर बसलेला! सरांना दाखवले. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहत तेही वाचून दाखवले. या वेळी कोणी हसले नाही. अर्ज अजून वहीत आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर या लेखाची टिपणे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना सगळे सांगितले. त्यांनी पटावरची नजर काढली नाही. एवढेच विचारले, "शह गेला, मग मात मागे राहिली काय?"

मात मागे राहिली नव्हती. इंग्रजीतला 'चेकमेट' म्हणजे आपली 'शहमात'च. त्यातल्या 'मेट'चा दोस्तीच्या 'मेट'शी काही संबंध नाही. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या 'बुक ऑफ द डचेस' या काव्यात एका शोकाकुल सरदाराला नियतीशी बुद्धिबळ खेळायला बसवले आहे. नियती त्याचा वजीर मारते आणि मात करते. वजिराला चॉसरने वापरलेला शब्द 'फर्स' हाही फारसी 'फर्जीन'वरून, म्हणजे मंत्री यावरून, आलेला. 'मात'विषयी मात्र दोन मते आहेत. अरबीत 'मात' म्हणजे मेला. फारसीत 'मात' म्हणजे हतबल, सुन्न झालेला.

"दुसरे खरे," आबा म्हणाले. "पटावर राजा मारतो कोण? त्याला हलायला घर उरत नाही, एवढेच." आणि तात्यांनी उचललेला उंट तसाच हातात धरला होता, तो ठेवायची खूण करून म्हणाले, "ठेवा. शह आहे."