मुंबई बंदराचे दोन लोखंडी बुरूज

वागळे इस्टेटीतील फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत बारा-सोळा मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट नित्य हाताळणाऱ्या कारागिराला जर कोणी सांगितले, की दीडशे वर्षांपूर्वी दहा इंच, म्हणजे अडीचशे मिलिमीटरांहूनही अधिक जाडीच्या लोखंडाने मढविलेले दोन फिरते बुरूज पाठीवर घेऊन एक युद्धनौका मुंबई बंदरात तीस वर्षांहून अधिक काळ तैनात होती, आणि आपल्या ठाण्याची खाडी दक्षिणेस वाहत जाऊन ज्या पाण्याला मिळते त्या पाण्याचा बंदोबस्त एवढेच तिचे कार्य होते, तर त्या लोखंडाविषयी त्याला प्रथम कुतूहल वाटेल आणि मग तो साहजिकच विचारील, की असले जड धूड तरंगत कसे होते आणि ते कोणाच्या भयाने तेथे आणून उभे केले होते.

या नौकेचे नाव ‘मॅग्डाला’. तिच्या जोडीला ‘ॲबिसिनिया’ नावाची किंचित लहान अशी दुसरी नौका होती. मराठी वाचकाच्या मनातील आरमाराचा इतिहास १७५६ साली विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले तेथे थांबतो आणि एकदम १९४६ च्या नाविकांच्या उठावाशी पुन्हा सुरू होतो. मधल्या दोन शतकांत आपल्याच किनाऱ्यावर काय घडत होते याची दखल आपण फारशी घेतलेली नाही. ती घ्यावयास हवी, कारण समुद्रयुद्धाच्या साधनांत जी प्रचंड क्रांती एकोणिसाव्या शतकात झाली तिचे एक प्रकरण आपल्या दाराशीच घडलेले आहे.

त्या क्रांतीचा प्रारंभ फ्रान्समध्ये झाला. क्रिमियाच्या युद्धात लाकडी जहाजे स्फोटक गोळ्यांपुढे टिकत नाहीत हे ध्यानात आल्यावर तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने जाड लोखंडी पत्र्यांनी मढविलेल्या, बेढब आणि मंदगती अशा तरंगत्या तोफखान्यांची तजवीज केली. त्यांपैकी ‘लाव्ह’, ‘देव्हास्तास्याँ’ आणि ‘तोनांत’ या तिघी १७ ऑक्टोबर १८५५ रोजी काळ्या समुद्रातील किनबर्न येथील रशियन किल्ल्यापुढे नांगर टाकून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कवचावर आदळलेले किल्ल्याचे गोळे खळगे पाडण्यापलीकडे काही करू शकले नाहीत. जहाजाने किल्ल्यासमोर फार वेळ थांबू नये, हा जो शतकानुशतकांचा दर्यावर्दी संकेत होता, तो त्या एका दिवसात ढासळला. चार वर्षांनी, १८५९ च्या नोव्हेंबरात, द्यूप्वी द लोम या फ्रेंच नौकाशिल्पज्ञाने रचलेली ‘ग्ल्वार’ ही महासागरात संचार करणारी पहिली चिलखती युद्धनौका तुलाँ येथे पाण्यात उतरली. इंग्लंडने १८६० साली ‘वॉरियर’ उतरवून तिला उत्तर दिले. आणि १८६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘मॉनिटर’ नावाच्या, पाण्याबरोबर सपाट असलेल्या आणि मधोमध एकच फिरता बुरूज असलेल्या नौकेने दक्षिणी संस्थानांच्या चिलखती नौकेला सुमारे चार तास झुंजवून थोपविले.

येथून चिलखती नौकांचे दोन कुळाचार निराळे झाले. महासागरात जाणाऱ्या नौकेला उंच काठ हवा, कोळशाचा मोठा साठा हवा, शिडे हवीत, आणि या साऱ्यांचा भार पेलण्यासाठी तिचे पोट खोल पाण्यात बुडालेले हवे. ‘ग्ल्वार’ला अठ्ठावीस फुटांच्या आसपास पाणी लागे. उलट जिला आपले बंदर सोडून जावयाचेच नाही अशा नौकेला यातले काहीच अनिवार्य नसते. तिचा काठ पाण्यापासून हात-दोन हातच वर ठेवला तरी चालतो. काठ जितका बुटका तितके मढवावयाचे क्षेत्र कमी, आणि क्षेत्र जितके कमी तितके तेच लोखंड अधिक जाड करता येते. म्हणून लहान आकाराच्या किनारारक्षक नौकेवर महासागरी नौकेहून जाड कवच आणि तितक्याच जबर तोफा चढविता येत, आणि शिवाय ती उथळ पाण्यात, खडकांच्या आणि रेतीच्या दांड्यांच्या आडोशाला, मोठ्या शत्रुनौकेला जेथे शिरण्याची छाती होणार नाही अशा ठिकाणी उभी राहू शके. फ्रेंचांनी १८६५ साली ‘तोरो’ ही अशी पहिली नौका पाण्यात उतरविली आणि तिच्या पाठोपाठ ‘बेलिए’ वर्गाच्या चार नौका बांधण्यास घेतल्या. त्यांचे मुख्य शस्त्र नाळेपुढे काढलेली लोखंडी सोंड हे होते, आणि तिने शत्रूला धडक देऊन बुडवावे अशी कल्पना होती.

मात्र या वर्गाची खरी किंमत फ्रान्सला कळली ती १८७० च्या जर्मन युद्धात. युरोपातील दुसऱ्या क्रमांकाचे आरमार हाताशी असूनही त्याच्या मोठमोठ्या चिलखती नौकांना जर्मनीच्या उथळ किनाऱ्याजवळ जाता येईना, आणि इकडे पॅरिसला वेढा पडलेला असताना ते आरमार समुद्रात नुसते फेऱ्या मारीत राहिले. पराभवानंतर १८७२ साली जी नवी आरमारी योजना आखली गेली तीत किनारारक्षक नौकांना स्वतंत्र स्थान मिळाले, आणि ‘तोनेर’, ‘ताँपेत’ अशा नौका बांधल्या गेल्या, ज्यांच्या रचनेवर इंग्रजी नमुन्याची छाया स्पष्ट दिसते.

हा इंग्रजी नमुना म्हणजेच आपल्या ‘मॅग्डाला’चे कूळ होय. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नमूद करणे मला अगत्याचे वाटते. पाण्याची खोली हेच शस्त्र मानावयाचे, हे तत्त्व या किनाऱ्याला परके नव्हते. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर कल्याणच्या खाडीत जी पहिली जहाजे बांधविली, ती उथळ खाड्यांच्या मापानेच बेतलेली होती. १६७९ साली मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर मराठ्यांनी तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांनी ‘रिव्हेंज’सारखी मोठी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी करण्याचा यत्न केला, पण मराठ्यांची वल्ह्यांची हलकी गलबते वारा पडला की रसद घेऊन बेटाशी भिडत आणि पाठलाग झाला की नागोठण्याच्या खाडीच्या आश्रयाला जात, जेथे मोठ्या जहाजांचा इलाज चालत नसे. अखेर बेट मराठ्यांकडेच राहिले. किनबर्न येथे आणि जर्मनीच्या किनाऱ्यावर युरोपने जो धडा गिरविला तो मराठी आरमाराचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांना दोन शतके आधीच अवगत होता. केवळ लोखंड आणि वाफ ही साधने त्यांच्यापाशी नव्हती.

आता १८६० नंतरची मुंबई पाहावी. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाच्या व्यापारात आलेला सोन्याचा पूर नुकताच ओसरला होता, सुएझचा कालवा खोदला जात होता आणि तो खुला होताच मुंबई हे युरोपातून येणाऱ्या जहाजांना लागणारे पहिले मोठे बंदर ठरणार होते. नेमक्या याच काळात, १८६३ साली, कंपनीच्या अमदानीपासून चालत आलेले हिंदी आरमार मोडीत काढले गेले होते. धन वाढले आणि पहारा उठला, अशा त्या अवस्थेत बंदराच्या रक्षणासाठी दोन किनारारक्षक चिलखती नौका घेण्याचा निर्णय झाला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीसाठी इंग्लंडचे मुख्य नौकाशिल्पज्ञ एडवर्ड रीड यांनी ‘सर्बेरस’ नावाची नौका नुकतीच रचली होती. त्याच आराखड्यावर थेम्स नदीकाठच्या थेम्स आयर्नवर्क्समध्ये ‘मॅग्डाला’ आणि डजन यांच्या कारखान्यात ‘ॲबिसिनिया’ बांधण्यात आली. दोघीही १८७० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्यात उतरल्या. नावे ठेवली गेली ती १८६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेवरून, जी मुंबईच्याच बंदरातून निघाली होती आणि मुंबई फौजेचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांनी मॅग्डालाचा डोंगरी किल्ला घेऊन संपविली होती.

‘मॅग्डाला’ लांबीला २२५ फूट आणि रुंदीला ४५ फूट होती, तिचे वजन ३,३४० टन आणि बुडीत खोली फक्त पंधरा फुटांच्या आसपास होती. रीड यांच्या रचनेचे वैशिष्ट्य मधल्या तटबंदीत आहे. अमेरिकन ‘मॉनिटर’चा बुरूज थेट बुटक्या डेकवर बसविलेला असल्यामुळे लाटा डेकवर आल्या की बुरुजाच्या बुडाशी, भोंग्यातून आणि झरोक्यांतून पाणी आत शिरे. रीड यांनी डेकच्या मध्यभागी आठ-नऊ इंच जाडीच्या लोखंडाचा एक लांबट कोट उभारला, त्याच्या दोन टोकांना दोन बुरूज ठेवले, आणि धुराडे, हवेचे मार्ग व जिने हे सारे त्या कोटाच्या आत घेतले, ज्यामुळे भोवतीचे डेक लाटांखाली गेले तरी नौकेचा प्राण सुरक्षित राही. बुरुजांच्या दर्शनी भागी दहा इंच आणि जलरेषेवरील पट्ट्याला मध्यभागी आठ इंच लोखंड होते, आणि त्या लोखंडामागे धक्का शोषून घेण्यासाठी सागाच्या जाड फळ्या होत्या.

प्रत्येक बुरुजात दोन अशा चार तोफा. एका तोफेचे वजन अठरा टन, नळीचा व्यास दहा इंच आणि गोळा चारशे पौंडांचा. या तोफा तोंडातून ठासावयाच्या असल्यामुळे प्रत्येक बारानंतर नळी आत ओढून घ्यावी लागे, पुन्हा दारू आणि गोळा भरून ती बाहेर काढावी लागे. दोन पंख्यांच्या जोरावर नौकेचा वेग ताशी साडेदहा नॉटांच्या आत-बाहेर होता. शत्रूचा पाठलाग करणे तिच्याकडून अपेक्षितच नव्हते.

अशी ही बुटक्या काठाची नौका थेम्सवरून मुंबईस आणणे हेच एक धाडस होते. ७ सप्टेंबर १८७० रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ ‘कॅप्टन’ ही बुटक्या काठाची, पण उंच डोलकाठ्या आणि भरपूर शिडे असलेली चिलखती नौका वादळात उलटून जवळजवळ पाचशे माणसांसह बुडाली. तिचे रचनाकार कूपर कोल्सही तिच्याबरोबर गेले. या रचनेस रीड यांचा आधीपासून विरोध होता. त्या दुर्घटनेला काही महिनेही लोटले नव्हते तोच, १८७०-७१ च्या हिवाळ्यात, ‘मॅग्डाला’ प्रवासापुरत्या उभारलेल्या तीन डोलकाठ्यांसह हिंदुस्थानच्या वाटेला लागली. ती सुखरूप पोचली याचे श्रेय मी तिला वाहून आणणाऱ्या खलाशांच्या निग्रहाला देतो.

त्यानंतर तिचे आयुष्य मुंबई बंदरातच गेले. तोफांच्या सरावासाठी अधूनमधून थोडे बाहेर पडावे आणि परत नांगरावर यावे, असा क्रम राहिला; शत्रूवर गोळा झाडण्याचा प्रसंग एकदाही आला नाही. १८८५ साली अफगाणिस्तानच्या सीमेवरील पंजदेहच्या प्रकरणाने रशियाशी युद्ध जुंपते की काय अशी धास्ती उत्पन्न झाली, तेव्हा या बंदराच्या बचावाची सर्वांना पुन्हा आठवण झाली. पण तोपर्यंत लोखंडाचे शास्त्र पुढे निघून गेले होते. १८७६ साली इटलीतील स्पेत्सिया येथील चाचण्यांत फ्रान्सच्या क्रेझो गावच्या श्नायदर कारखान्याच्या पोलादी प्लेटीने घडीव लोखंडावर मात केली, शेफील्डच्या कारखान्यांनी लोखंडावर पोलाद चढविलेल्या संयुक्त प्लेटी काढल्या, आणि पुढे हार्वे व क्रुप यांच्या पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रिया आल्यावर ‘मॅग्डाला’चे दहा इंच लोखंड निम्म्याहून कमी जाडीच्या पोलादाच्याही तोडीचे राहिले नाही. १८९२ साली तिच्या तोफा काढून त्या जागी मागून भरावयाच्या आठ इंची तोफा बसविण्यात आल्या खऱ्या. अंगावरचे कवच मात्र बदलण्याजोगे नव्हते. इकडे फ्रान्समध्ये ॲडमिरल ओब यांच्या पंथाने मोठ्या नौकांऐवजी स्वस्त आणि चपळ टॉर्पेडो-बोटींचा पुरस्कार चालविला होता, आणि त्या विचाराचे पडसाद मुंबईतही उमटले: १८८० नंतरच्या दशकाअखेरीस हिंदुस्थानसाठी ज्या सात टॉर्पेडो-बोटी बांधल्या गेल्या त्यांपैकी एकीचे नाव ‘मराठा’ होते.

खर्चाचा जमाखर्च पाहिला तर ‘मॅग्डाला’स १,३२,४०० पौंड आणि ‘ॲबिसिनिया’स १,१६,५४९ पौंड लागले, दहा रुपयांस एक पौंड या त्या काळच्या भावाने दोघींचे मिळून सुमारे पंचवीस लक्ष रुपये. ज्या मोहिमेवरून त्यांना नावे मिळाली तिच्या खर्चाचा प्रश्न दादाभाई नौरोजींनी १८६७ सालीच लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे मांडला होता, आणि ब्रिटनच्या युद्धासाठी गेलेल्या हिंदी शिपायांचा नित्य पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकणे हा अन्याय असल्याचे ठामपणे प्रतिपादिले होते. नौकांचा खर्च मी त्याच पंक्तीत बसवीत नाही, कारण मुंबईचे रक्षण हे मुंबईचेच हित होते. मला सलते ते निराळेच. याच मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ आणि १८१७ साली ‘त्रिंकोमाली’ अशा युद्धनौका इंग्लंडच्या आरमारासाठी सागातून घडविल्या होत्या, आणि ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. सुमारे अर्धशतकानंतर त्याच शहराला स्वतःच्या दारावरचा पहारेकरी थेम्सकाठाहून मागवावा लागला. मुंबईच्या सुतारांचे कौशल्य तिळमात्र उणावले नव्हते. पण दहा इंची प्लेट लाटणारी मिल, ती तापविणारी भट्टी आणि तिला वाकविणारे दाबयंत्र या देशात उभे राहू दिले गेले नाही, आणि ज्या सागावर मुंबईने नाव कमावले होते त्याला नव्या युगात लोखंडाच्या पाठीमागील अस्तराची जागा उरली.

दोन्ही नौका १९०३ साली मोडीत विकल्या गेल्या. तिसरी बहीण ‘सर्बेरस’ मात्र अजून पाहावयास मिळते. १९२६ साली मेलबर्नजवळील ब्लॅक रॉक येथे तिला लाटांचा अटकाव करणारा बांध म्हणून उथळ पाण्यात बसविले गेले, आणि रीड यांचा मधला कोट व दोन बुरूज तेथे आजही पाण्यावर दिसतात. १९९३ च्या डिसेंबरात तिचा गंजलेला खालचा सांगाडा खचला. तेव्हा वरचा भार हलका करण्यासाठी पुढे तिच्या अठरा टनी तोफा बुरुजांतून काढून शेजारी समुद्रतळावर ठेवण्यात आल्या. खाऱ्या पाण्यात लोखंडाचा गंज कसा थोपवावा, याचे प्रयोग त्या तोफांवर करण्यात आले आहेत, आणि ‘मॅग्डाला’ची घडण प्रत्यक्ष अभ्यासावयाची इच्छा असलेल्या आपल्याकडील अभियंत्याला ती आता त्या एकाच ठिकाणी अभ्यासता येईल.