एका पत्राने बुडालेला फुटबॉल संघ

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात अ‍ॅक्रिंग्टन नावाचे एक जुने गिरणगाव आहे. वस्ती जेमतेम पस्तीस हजारांची. तेथील अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ले या फुटबॉल संघाची हकिकत आज सांगावयाची आहे.

१८८८ साली ज्या बारा संघांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली, त्यांत अ‍ॅक्रिंग्टन नावाचा एक संघ होता; पण तो १८९३ मध्ये लीग सोडून गेला आणि लवकरच बंद पडला. स्टॅन्ले संघ त्याहून निराळा. गावातील स्टॅन्ले नावाच्या रस्त्यावरून त्याला हे नाव मिळाले. १९२१ साली लीगच्या तिसऱ्या श्रेणीत, उत्तर विभागात, त्याचा प्रवेश झाला. १९५५ मध्ये या संघाने अकराही स्कॉटिश खेळाडू मैदानात उतरवले होते आणि त्या मोसमात विभागात दुसरा क्रमांकही मिळवला होता.

संकट आले ते बढतीच्या रूपाने. १९५८ साली उत्तर-दक्षिण विभाग मोडून सबंध देशासाठी एकच तिसरी श्रेणी व तिच्याखाली चौथी अशी नवी रचना झाली. पुन्हा दुसरा आलेल्या स्टॅन्लेला अर्थातच वरची जागा मिळाली. परंतु आता सामन्यांसाठी थेट प्लिमथ, साउदॅम्प्टनपर्यंत जाणे भाग पडले. संघाची मुख्य मिळकत तिकिटांची, आणि प्रेक्षक तर पाच-सहा मैलांवरच्या बर्नली व ब्लॅकबर्नकडे ओढले जात. १९६० साली बर्नली संघ देशाचा विजेता ठरला, त्याच साली स्टॅन्ले चौथ्या श्रेणीत घसरला.

त्यात चालकांनी एक अजब खरेदी करून ठेवली होती. ऑल्डरशॉट येथे लष्करी कवायती पाहण्यासाठी उभारलेली प्रेक्षकांची गॅलरी त्यांनी १९५८ मध्ये विकत घेतली. ती सोडवून, दूरवर वाहून नेऊन पुन्हा उभी करण्याचा खर्च किमतीच्या कितीतरी पट झाला. शिवाय तिच्यावर बसून फुटबॉल नीट दिसेना! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय?

१९६२ पर्यंत कर्जाचा आकडा साठ हजार पौंडांच्या घरात गेला. २ मार्च रोजी क्रू येथे स्टॅन्लेचा चार गोलांनी पराभव झाला. लीगमधील तो त्याचा अखेरचा सामना. बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांना सल्ल्यासाठी बोलावले होते. आशा उरली नाही असे ठरून चालकांनी लीगला राजीनाम्याचे पत्र धाडले. मग मदतीचा हात पुढे आला, तेव्हा पत्र परत मागण्यात आले. लीगचे कार्यवाह अ‍ॅलन हार्डकर यांचे उत्तर नकाराचे होते. राजीनामा कायम झाला. त्या मोसमात खेळलेल्या ३३ सामन्यांचे निकाल कोष्टकातून पुसण्यात आले. थोडी वाट पाहिली असती तर लीगचे काय बिघडले असते, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

रिकाम्या जागेवर ऑक्सफर्ड युनायटेड संघ निवडून आला. स्टॅन्ले कनिष्ठ स्पर्धांत खेळत १९६६ साली पुरता बंद झाला. १९६८ मध्ये गावकऱ्यांनी एका कामगार क्लबात सभा भरवून त्याच नावाचा नवा संघ स्थापला. १९७० पासून तो क्राउन ग्राउंड या नव्या मैदानावर खेळू लागला. नव्या संघाला जुन्याची जागा वारशाने मिळत नाही, अगदी तळापासून पायऱ्या चढाव्या लागतात. १९८९ मध्ये दुधाच्या एका जाहिरातीने या नावाची थट्टाही केली: दूध न पिणारा मुलगा मोठेपणी फार तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लेकडून खेळेल, असा तिचा सूर होता. त्या थट्टेने नाव मात्र घराघरांत पोचले.

१९९९ साली जॉन कोलमन व्यवस्थापक झाले आणि संघ एकेक पायरी वर चढला. २००६ साली, ४४ वर्षांनी, स्टॅन्ले लीगमध्ये परतला. त्या वर्षी लीगमधून ज्या दोन संघांना खाली जावे लागले, त्यांपैकी एक होता ऑक्सफर्ड युनायटेड.